बिनतळाचं ओगराळं

शालनला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला नाही, भीतीच वाटली. आधीची दोन बाळं जन्मतानाच दगावली होती. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. मी बहारीनला मुहर्रकपलीकडच्या गोदीत जहाजांचे पंप दुरुस्त करायचो आणि आम्ही दोघं अरादला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. दुसऱ्या बाळानंतर मी देवाचं नाव टाकलं होतं. शालन पूजेला बसली की मी मुद्दाम तिकडे पाठ करून चहा प्यायचो.

त्यातच नव्या पंपांचं काम शिकायला कंपनीने मला जपानला धाडायचं ठरवलं. नाही म्हटलं तर नोकरी धोक्यात, आणि दोघांचा व्हिसा त्या नोकरीवरच. शेजारच्या खतीजाभाभी रत्नागिरीच्या. त्यांनी मलाच दटावलं, "भाऊ, तुम्ही इथे बसून काय बाळंतपण करणार? जावा खुशाल. मी हाय ना. इंशाल्ला सगळं बरं होईल." मी गेलो, पण जीव अरादलाच राहिला.

जपानमधलं ते गाव लहानसं, समुद्राकाठचं. कारखान्यामागच्या टेकडीवर एक छोटं देऊळ होतं. सुट्टीच्या दिवशी सहज चढून गेलो. मूर्ती दिसत नव्हती, पुजारी नव्हता, दक्षिणा मागणारं कुणी नव्हतं. पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार, पण त्यांवर एक वाळकं पान पडलेलं नाही. एवढी माया लावून राखलेलं आणि इतकं शांत देऊळ मी कधी पाहिलं नव्हतं. गोदीतल्या ठोकाठोकीने किटलेले माझे कान तिथे निवले. देवाशी अबोला होता, तरी बराच वेळ बसून राहिलो.

गाभाऱ्याच्या जाळीला पाणी घ्यायचा लांब दांड्याचा डाव असतो तसं एक लाकडी ओगराळं टांगलेलं होतं आणि त्याला तळच नव्हता. मला वाटलं, बाहेरच्या पाण्याच्या कुंडावरचं असेल, तळ कुजून गेला असेल. फुटकं भांडं देवापुढे ठेवू नये, हे आम्हा मालवणच्या माणसांच्या अंगात मुरलेलं असतं. शिवाय मी पडलो फिटर. गळकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. देवाकडे मागायचं काही नाही, पण एवढं काम करून टाकू, असं ठरवून ते खाली नेलं. कारखान्यात पितळी पत्र्याची चकती कापून तळाला घट्ट बसवली. पुढच्या सुट्टीला काठोकाठ पाणी भरून जाळीपुढे ठेवलं. थेंब गळेना. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

ही कारागिरी दाखवायला मी आमच्या शिकवणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं होतं. ते वर पोहोचले, आणि त्यांच्याबरोबरच देवळाची झाडलोट करणाऱ्या आजीही आल्या. ओगराळं पाहताच आजींनी तोंडावर हात धरला. मिस्त्रींनी मग मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं. फार पूर्वी गावात एका कोळ्याची बायको बाळंतपणात अडली होती. दारात एक अनोळखी बाई पाणी मागत आली. सासूने गडबडीत फुटक्या ओगराळ्यानेच पाणी दिलं आणि ते सगळं खाली सांडलं. बाई हसली, "अशीच सुटेल पोर," म्हणाली, आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. ती बाई पुन्हा कुणाला दिसली नाही. ती या देवळातली देवीच, असं गाव मानतं. तेव्हापासून बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून इथे बिनतळाचं ओगराळं बांधतात. हे आजींनी आपल्या नातसुनेसाठी बांधलं होतं.

दोन बाळं गमावलेला मी, दुसऱ्याच्या लेकीसुनेची वाट पितळ ठोकून बंद करून बसलो होतो! मी शालनचं सगळं सांगून टाकलं, मिस्त्रींनी ते आजींना सांगितलं. आता बोलणी बसणार, असं वाटलं. आजींनी ओगराळं उचलून माझ्याच हातात दिलं. शालनचं नाव विचारलं, नीट जमेपर्यंत ते घोळवून घोळवून म्हटलं, आणि मिस्त्रींकरवी मला म्हणाल्या, "आता दोघींसाठी तुम्हीच उघडा."

मी दगडाने ठोकून चकती पाडली. आजींनी वरून पाणी ओतलं, ते माझ्या पावलांवर सांडलं आणि मला हुंदका आवरेना. जन्मभर गळती थांबवणं हेच माझं काम. शालनच्या बाबतीतही औषध, पथ्य, विश्रांती, सगळीकडे मी नट आवळत सुटलो होतो. तिथे पहिल्यांदा हात टेकले. मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "माये, माका काय कळना नाय. आता तूच सांभाळ." आजींना त्यातलं अक्षर कळलं नसेल, पण त्याही माझ्याबरोबर वाकल्या.

काही दिवसांनी कारखान्याच्या वसतिगृहात मला फोन आला. खतीजाभाभी ओरडून सांगत होत्या, "भाऊ, पोरगी झाली! दोघी बऱ्या हायत. कशी रडते, ऐका!" त्या खरखरीतून माझ्या लेकीचं रडणं मी ऐकलं. आजींची नातसूनही तोवर सुखरूप मोकळी झाली होती. हे कशामुळे झालं, मला ठाऊक नाही. कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. माझ्या हातून झालं नाही, एवढं मात्र नक्की.

बहारीनला परतलो तेव्हा शालनने दारातच लेकीला माझ्याकडे दिलं. "अहो, एवढी आवळू नका, गुदमरेल ती," म्हणाली. मी हात सैल केले, तरी लेक निवांत झोपून राहिली. टेकडीवरच्या त्या माउलीला तिथूनच नमस्कार करावा असं फार वाटलं, पण जोडायला हात मोकळे नव्हते.