आतल्या बाई

"मला बारीक व्हायची हौस नाही, मला काउंटरवर उभं राहायचंय." ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती. डॉक्टरांनी कागदावर 'गुडघेदुखी' लिहिलं. खऱ्या कारणासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात ती चौदा वर्षं कापड बेतत होती. पुढं काच, आरसा, मापं घ्यायची जागा. मध्ये जाड निळा पडदा. पडद्याआड लांब टेबल आणि ती. गिऱ्हाइकांना ती दिसू नये अशी मालकांची इच्छा होती. तसं ते कधी म्हणाले नाहीत. सभ्य माणसं असलं काही बोलत नाहीत, पडदा लावून मोकळी होतात. दुकानात तिला सगळे आतल्या बाई म्हणत.

पुढं मापं घ्यायला मालकांची सून. सडपातळ, गोड बोलणारी आणि फितीच्या बाबतीत ठार अडाणी. आरशासमोर उभा राहून पोट आत न ओढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सून ते ओढलेलं पोट तसंच मोजायची आणि आकडा चिठ्ठीवर टिपायची. आतल्या बाई पडद्याच्या फटीतून बघत. फीत सुटली की गिऱ्हाईक हुश्श करतं, तेव्हा त्याचं खरं पोट बाहेर येतं. तेवढं मनाशी वाढवून त्या कापड कापत. कपडे अंगात बसत आणि कौतुक सुनेचं होई. सुनेला ते कौतुक पटतही होतं.

गेल्या वर्षी आतल्या बाईंनी काउंटर मागितलं. मालक हसले. "आधी वजन उतरवा बाई, मग काउंटर तुमचंच." अशी अट घातली की विषय जन्माचा मिटतो, हा त्यांचा हिशेब. तिनं पोट कापून घेतलं.

ऑपरेशन होऊन चार आणि घरी येऊन दोन दिवस झाले होते. पोटावर पाच भोकं, त्यांवर पट्ट्या. पायांत मांडीपर्यंत घट्ट मोजे. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेला वायू डाव्या खांद्यात ठाण मांडून बसला होता. औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यातून थोड्या थोड्या वेळानं दोन घोट पाणी, नाहीतर गाळलेलं सूप. तिसरा घोट घाईनं घेतला की छातीच्या मधोमध दगड अडकायचा आणि तोंडात फेस यायचा. भूक पार गेली होती. जेवणं काढून घेतली की दिवसाला कडा उरत नाहीत, हे तिला नव्यानं कळत होतं.

आजाऱ्याला लोक भेटायला येतात, हिला बघायला येत. मोठी जाऊ तर रोज यायची आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून बिस्किटं खायची.

"काही फरक दिसत नाही गं."

"चार दिवसांत कसा दिसेल, वहिनी?" नवरा म्हणाला.

"मग एवढं कापलं कशाला? मी नुसतं रात्रीचं जेवण सोडलं, तर चार किलो गेले माझे."

"कुठं गेले?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

नवरा फसकन हसला. जाऊनं वळून पाहिलं तसा तो खोकला. हा माणूस पहिल्यापासून असाच, अर्धं हसू बायकोला आणि अर्धा खोकला जगाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. एका हातात फळांची टोपली, जिच्यातलं एकही फळ तिला इतक्यात चालणार नव्हतं. जाऊनं ती लगेच मांडीवर घेतली. मालकांच्या दुसऱ्या हातात खाकी कापडाचा गठ्ठा होता.

"घात झाला बाई. रखवालदारांचे दीडशे गणवेश परत आले. एकाचं बटण लागेल तर शपथ. परवा एकानं साहेबाला सलाम ठोकला तर बगलेपासून कमरेपर्यंत उसवला."

"ऑपरेशनआधीच्या माझ्या तीन आठवड्यांच्या रजेत बदली कारागिरानं कापले ना? चिठ्ठीप्रमाणे?"

"अगदी तंतोतंत!"

"मग त्याचं काही चुकलेलं नाही. चिठ्ठ्याच चुकीच्या आहेत. पोटं आत ओढलेल्या माणसांची मापं ती. मी आजवर बघून वाढवत होते."

मालकांनी खुर्ची पुढं ओढली. आता त्यांना लाज वाटेल असं कुणाला वाटलं असतं, तर तो मालकांना ओळखत नव्हता.

"मग झालं तर! तसंच वाढवून टाका. इथं घरीच कापा, आरामात."

"न बघता किती वाढवू? मापं परत घ्यावी लागतील. महिन्याभरात उभी राहीन मी. काउंटरवर मी घेते."

"मापं सूनबाईच घेतील हो. तुमचं अजून…" त्यांनी तिला गिऱ्हाइकासारखं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अजून बरंच उतरायचंय."

"किती?"

"बघू की. आणि खरं सांगू का, सुनेला तिथून उठवलं तर घरात मला पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही."

ते स्वतःच हसले. जाऊ हसली. नवऱ्यानं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि तोही हसला, या वेळी पूर्ण.

"करेल हो ती," तो म्हणाला. "बसल्या जागीच तर करायचंय. तशी दिवसभर रिकामीच असते."

त्यानं टेबलावरची औषधं खिडकीत सरकवली. जाऊनं गठ्ठ्याची गाठ सोडली. दोघांनी मिळून कापड पसरलं, वाकडंतिकडं, उलटी बाजू वर. शहाण्या माणसांनी प्रश्न सोडवल्यावर असतं तसं समाधान तिघांच्याही तोंडावर होतं.

"अगं, कात्री कुठं ठेवलीस?" नवऱ्यानं विचारलं.

ती कुशीवर वळली. कोपरावर भार देऊन उठली. एका हातानं पोट दाबून धरत तिनं चपला सरकवल्या. वाट द्यायला मालक खुर्चीसकट मागं सरले, गरजेपेक्षा चांगलं हातभर जास्त. ती त्यांच्या समोरून गेली, बाहेरचं दार उघडलं आणि कात्रीचा पत्ता न सांगताच घराबाहेर पडली.