गवतातली कोरफड

चतुराबाईला भाऊ नव्हता, आणि ही गोष्ट तिला जन्मभर टोचली. भाऊबीजेला इंझोरी गावच्या बाया भावांना ओवाळत. ही ताट घेऊन अंगणात जाई आणि बीजेच्या चंद्राला ओवाळी. वरून हसून सांगे, "माहा भाऊ लय दूर राह्यते बाप्पा!"

एकोणीसशे बत्तीस साली गावातल्याच उकंडरावाचा हात गुऱ्हाळाच्या कढईत भाजला. चतुराबाईनं कुठूनशी कोरफड आणून महिनाभर गर लावला. हात वाचला. "बाई, आजपासून मी तुहा भाऊ," तो म्हणाला. त्या दिवाळीला चंद्राला सुट्टी मिळाली.

पण ओवाळून झाल्यावर भावानंच उलटं मागितलं. "ते झाड मले दाखोव. कोणाले सांगणार नाही, तुही आन."

ही कोरफड परसातली जाडजूड नव्हे बरं. मुरमाड उतारावर कुसळीच्या गवतात लपलेली. पान इतकं अरुंद की गवतच वाटावं. चतुराबाईच्या आईनं ओळख शिकवली होती: "पानाच्या कडेवरून बोट फिरव, काटे लागले पायजेत. मोडलं तर पिवळा रस, कडूजहर. अन् तुरा निघाला की आंधळ्यालेही दिसते." घ्यायचं बाहेरचं एकच पान, तेही आदल्या सांजेला हळदकुंकू वाहून झाडाला आवतण दिल्यावर. मुळाला हात नाही. जागा कोणाला दाखवू नको, हेही आईनं बजावलं होतं. पण भाऊ काय परका असतो? तिनं दाखवली.

महिन्याभरानं शेजारच्या गोजराबाईचा पाय पोळला, म्हणून ती आवतण द्यायला गेली. बघते तर नुसते खड्डे! आधी तिनं बिचाऱ्या रानडुकरांना शिव्या घातल्या. मग टिकावाचे घाव दिसले आणि ती तडक भावाच्या मळ्याकडे निघाली. ती जागा दोघांनाच ठाऊक होती.

उकंडरावाच्या मळ्यात विहिरीलगत, काळ्या मातीत, कोरफडीच्या सरळ ओळी लागल्या होत्या. पाटाचं पाणी सुटलं होतं.

"दादा, हे काय केलं रे?"

"रानात वाया जाऊन राह्यली होती. आता कोणाले तुह्या दारात यायचं काम नाही."

"ते गोट्यामुरमातलं झाड हाये. त्याले गवताची सावली लागते, पायात पाणी चालत नाही. सडंल ते."

"तू मले मळा कराले शिकवतं काय वं?" तो हसला. हसत हसत, तिनंच बऱ्या केलेल्या हातानं पाट वळवत होता. मेल्यानं केसानं गळा कापला!

पावसाळ्यात सगळं सडलं, एक मूळ उरलं नाही. गोजराबाईसाठी त्यानं एक पानही तोडू दिलं नव्हतं; तिचा पाय चिघळून ती कायमची लंगडी झाली होती.

पुढच्या भाऊबीजेला हा पठ्ठ्या नवा पटका बांधून दारात हजर! "बाई, दुसरीकडं कुठं असंल तर सांग. यंदा मुरमात लावतो."

चतुराबाईनं ताट उचललं. निरांजन विझू नये म्हणून पदर आड धरला आणि त्याच्या शेजारून अंगणात गेली. मावळतीला बाभळीवर बीजेची कोर आली होती. तिनं तिला ओवाळलं.

"अन् मी?" उकंडरावानं विचारलं.

"माहा भाऊ लय दूर राह्यते, उकंडराव," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.