लाल गाडी आणि सतरा स्पीडब्रेकर

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवतो आम्ही. गारखेड्यातल्या घरून रोज तिथं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा माझा पंधरा वर्षांचा परिपाठ. नवरा वाळूजला नोकरीला, त्याला कंपनीची बस कोपऱ्यावरून नेते. त्यामुळे घरातली गाडी म्हणजे माझीच गाडी. ती म्हातारी झाली, वरचेवर गॅरेजात राहायला लागली, आणि नवी घ्यायचं ठरलं.

त्याच सुमारास पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा मोठा साचा आम्ही वेळेत दिला. खुशीत येऊन त्यांनी आम्हा चार-पाच जणांना रविवारी एका ट्रॅकवर नेलं. पुण्याच्या पलीकडं माळावर बांधलेला लहानसा ट्रॅक, हौशी माणसं तिथं आपापल्या गाड्या आणून पळवतात. "मॅडम, तुम्ही पण बघा चालवून," असं त्यांनी उगीच म्हणायचं म्हणून म्हटलं. मी हेल्मेट घातलं आणि त्यांच्या गाडीत बसले. सहा फेऱ्या मारल्या. उतरले तेव्हा हसू थांबत नव्हतं. मी त्रेचाळीस वर्षांची होते. इतकी खूश शेवटची कधी झाले होते ते आठवेना.

घरी येऊन जेवताना सांगून टाकलं. "मला स्पोर्ट्स कार घ्यायचीय. रोज कारखान्यालाही तीच न्यायची, आणि महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी ट्रॅकवरही तीच."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "एकच गाडी दोन्ही कामांना?"

"एकच. दुसरी ठेवणार कुठं?"

"मग नीट बघून घे," तो म्हणाला आणि जेवायला लागला. तो असाच आहे.

सासरे हात धुऊन आले आणि त्यांनी विचारलं, "ती गाडी जमिनीपासून किती उंच असती?"

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातले, पण उभा जन्म सरकारी मोजणी खात्यात सर्व्हेअर म्हणून गेला. बांधावरून भांडणारे भाऊ त्यांनी इतके पाहिले की मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची सवयच झाली. स्वतः सायकलीपलीकडं काही चालवलं नाही. मला पहिल्या दिवसापासून 'माय' म्हणतात, आमच्याकडं लेकीला म्हणतात तसं. मी त्यांना बाबा म्हणते. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून गाड्या बघायला माझ्याबरोबर बाबाच निघाले, पांढरा पायजमा, टोपी आणि खिशात टेप.

पहिल्या शोरूममधल्या मुलानं आम्हा दोघांकडं बघितलं आणि थेट सहा सीटच्या गाडीपाशी नेलं. "काका, चढायला-उतरायला एकदम सोपी. ॲव्हरेज पण चांगला."

बाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लई चांगली हाय. पण हिला पळवायची गाडी दाखवा."

त्या पंधरवड्यात आम्ही पाच गाड्या पाहिल्या. ट्रॅकवरच्या लोकांनी मला सांगून ठेवलं होतं की नुसत्या ताकदीवर भाळू नका, गाडी हलकी बघा, जड गाडीचे ब्रेक चार फेऱ्यांत तापून मऊ पडतात. शेवटी दोनच उरल्या. एक करड्या रंगाची, दोन दारांची, मागं नावापुरती सीट. वापरलेली पण नीट ठेवलेली, डिकी मोठी, एसी थंडगार, स्पीडब्रेकरवरून निवांत जाणारी. बाबा म्हणाले, "बरी हाय."

दुसरी लाल. शहरातल्याच एका डॉक्टरबाईंची. दोन सीट, मागं दुमडता येणारं कापडी छत, हलकीफुलकी. बाई मुलाकडं राहायला निघाल्या होत्या. आतापर्यंत रविवारी सकाळी दौलताबादच्या घाटात एक चक्कर, एवढंच त्या गाडीला माहीत. "दिवसभर न्या, तुमच्या रोजच्या रस्त्यानं चालवा, मग काय ते सांगा," म्हणाल्या आणि किल्ली दिली.

गिअरचा दांडा नुसत्या मनगटानं पडत होता. स्टेअरिंग इतकं बोलकं की टायरखाली खडी आली की तळहाताला कळायचं. जालना रोडला लागेपर्यंत मी गाडी घेऊन टाकली होती, मनातल्या मनात. पण पुढं शाळेसमोरचा स्पीडब्रेकर लागला. खर्र. बाजूला घेऊन उतरले, वाकून पाहिलं. फारसं लागलं नव्हतं, पण माझाच घोटा खरचटल्यासारखं वाटलं. कारखान्यापर्यंत गाडीचं पोट आणखी तीनदा घासलं, परतताना चारदा.

संध्याकाळी किल्ली परत करताना मी म्हटलं, "रोजच्याला नाही जमणार हो."

डॉक्टरबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "मी आठ दिवस थांबते," म्हणाल्या.

घरी सांगितलं, करडी घेऊ. नवरा बरं म्हणाला. बाबा पेपर वाचत होते, वाचतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून बघते तर बाबा घरात नाहीत. सात-साडेसातला आले. हातात टेप, एक लांब लाकडी पट्टी आणि गवंड्याकडून आणलेली, पातळी बघायची पाणसळ. विचारलं तर म्हणाले, "फिराया गेलतो." असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी किराणावाल्यानं मला सांगितलं की तुमचे बाबा रस्त्यावर उकिडवे बसून स्पीडब्रेकर मोजतात. लोकांना वाटलं महापालिकेचा माणूस आला. एकानं तर तुंबलेल्या नाल्याची तक्रार सांगितली, आणि बाबांनी ती वहीत लिहून घेऊन नगरसेवकाच्या घरी पोचवलीसुद्धा.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाबांनी कागद उलगडला. घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता होता, गावाच्या नकाशासारखा, काळ्या शाईनं काढलेला. त्यावर सतरा स्पीडब्रेकर. प्रत्येकाची उंची, रुंदी आणि एक खूण.

"तेरा तर कायबी करत नाय," बाबा बोट फिरवत म्हणाले. "त्यावरनं सरळ जा, हळू. हा चौदावा लई ओबडधोबड हाय, तो टाळायचा. पिठाच्या गिरणीमागची गल्ली धर, थेट पलीकडं निघतीस. राहिले तीन. त्ये तिरके घ्यायचे."

"तिरके म्हणजे?"

"सरळ गेलीस तर दोन्ही चाकं संगट उतरत्यात आन पोट टेकतं. तिरकी गेलीस तर एक एक चाक चढतं, एक एक उतरतं. गाडी बोटभर वर राहती. मी पुठ्ठ्यावर करून बघितलंय."

त्यांनी खरंच पुठ्ठ्याची गाडी कापली होती, मापात. मी विचारलं, "पण गाडीची मापं कुठून आणलीत?"

"रिक्षा करून गेलो त्या बाईंकडं. खाली झोपून मोजलं. त्यांनी उशी दिली डोक्याखाली. च्याबी दिला."

बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर करडी बरी म्हणाला होता."

"व्हय. बरीच हाय ती." त्यांनी कागदाची घडी सरळ केली. "पर करडीतून उतरलीस तवा तू मला डिकी केवढी हाय ते सांगत बसलीस. लालीतून उतरलीस तवा काईच बोलली नाय."

नवरा हसला आणि उठून मला म्हणाला, "डॉक्टरबाईंना फोन कर."

रविवारी सकाळी गाडी परत मागून आणली. बाबा शेजारी, मांडीवर नकाशा. त्या सीटवर बसायचीही त्यांनी रीत शोधून काढली, आधी बूड टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे.

"आता तिरकी. उजवं चाक आधी. आणखी हळू."

मी रस्त्याच्या मधोमध गाडी वाकडी केली. मागच्या रिक्षावाल्याचा गोंधळ उडाला. त्यानं बाजूला येऊन डोकं बाहेर काढलं. "बाजी, मुड़ना है के सीधा जाना है?" बाजी म्हणजे मी, ताई म्हणावं तसं.

"सीधाच जाना है," बाबांनी उत्तर दिलं, "जरा तिरका."

कारखान्यापर्यंत एकदाही आवाज आला नाही. परत येताना आम्ही चौदाव्याचीही गंमत म्हणून परीक्षा घेतली. तिथं मात्र घासली. दुपारी व्यवहार पुरा केला.

रोजचं जगणं त्या गाडीबरोबर बदललं. जालना रोडवर ट्रकची चाकं माझ्या डोक्याच्या उंचीला यायची. मे महिन्यात कापडी छताखाली एसी नुसता धापा टाकायचा, मग मी सकाळी तासभर लवकर निघायला लागले. धूळ तर विचारू नका. पण डबा, ड्रॉइंगची गुंडाळी आणि मोजमापाच्या साहित्याची पेटी डिकीत नेमकी बसायची, आणि संध्याकाळी छत उघडून घरी येताना कारखान्यात दिवस कसाही गेलेला असो, गारखेडा येईपर्यंत मी गुणगुणत असायची.

थंडीच्या सुरुवातीला, पहिल्यांदा ट्रॅकवर न्यायच्या आधी टायर बदलले, ब्रेकचे पॅड आणि ऑइल नवं घातलं. शनिवारी दुपारी मी आणि बाबा निघालो. रविवारी सकाळी गाड्या सुटण्याआधी ट्रॅकवर पायी फिरू देतात, तर बाबा पूर्ण चक्कर मारून आले. शिकवणारे सर मला समजावत होते, वळणात बाहेरून शिरायचं, आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेर पडायचं. बाबा शेजारी उभं राहून मान हलवत होते. "म्हंजी वळण सरळ करायचं," ते म्हणाले. सर म्हणाले, "अगदी तेच, काका."

पहिल्या दोन खेपा मी घाबरत चालवलं. तिसऱ्या खेपेला अंगात आलं. डावीकडच्या लांब वळणात वेग जास्त झालासं वाटलं आणि मी मधेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीचं मागचं अंग निसटलं, सगळा माळ माझ्यासमोरून गोल फिरला आणि मी गवतात उभी, तोंड आलेल्या दिशेला. कशालाच काही झालं नव्हतं. हेल्मेटच्या आत मला हसूच फुटलं. वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस धावत आला, तर त्याला वाटलं मी रडतेय.

बाबा कुंपणापाशी होते. "काय झालं?"

"मधेच पाय काढला."

"मग काढू नको," ते म्हणाले.

दुपारच्या शेवटच्या खेपेला शेजारी माणूस बसवायची मुभा होती. बाबांनी टोपी काढून खिशात ठेवली, हेल्मेट घातलं आणि आपल्या रीतीनं आत बसले. पहिल्या वळणाला त्यांचा हात दाराच्या मुठीवर गच्च. सरळ रस्त्यावर आल्यावर मी ओरडून विचारलं, "हळू करू का?"

"नाय," ते म्हणाले.

तीन फेऱ्या झाल्या. गाडी उभी केल्यावर ते उतरेनात. मी घाबरून त्यांच्याकडं वळले, तर त्यांचे खांदे गदगद हलत होते. आवाज न करता हसत होते ते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अठरा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही आणखी तीनदा गेलो. त्यातल्या एका खेपेला नवरा सुट्टी काढून बसनं मागोमाग आला. माझ्या शेजारी बसून त्यानं एक फेरी मारली, डोळे मिटूनच मारली असणार. उतरला, गाडीला टेकला आणि म्हणाला, "मी सगळ्यांना चहा आणतो." तो चहाकडं वळला तोवर बाबा त्याच्या जागी बसून पट्टा लावत होते.