लवॉनचं यीस्ट

नॉर्बर्ट झास्ट्रो दारासमोरच्या बर्फावर घसरून पडला, डोक्याची जखम भरली, पण नाक गेलं ते गेलंच. कॉफी नाही, तळलेला मासा नाही, कशाचाच वास नाही. बाथटबच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला माणूस, आयुष्यात शौक एकच, तळघरात बिअर बनवायची. आणि शबॉयगनसारख्या बिअरवेड्या गावात बिअर बनवणाऱ्यालाच वास येत नाही हे कळलं असतं तर बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबातल्यांनी त्याला चिडवून चिडवून मारलं असतं. म्हणून हे फक्त त्याच्या बायकोला, लवॉनला माहीत होतं.

मग लवॉनच त्याचं नाक झाली. तो धान्य भिजवायचा, उकळायचा, ती जिन्यावर बसून वास घ्यायची. "नॉर्ब, कच्चंय अजून, थांब जरा." नाहीतर, "अरे पायमोजे उकळतोयस का काय!" यीस्टही तिचंच. एका बिअरच्या तळाशी उरलेलं यीस्ट ती काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायची, पुढच्या बिअरला तेच. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

गेल्या उन्हाळ्यात लवॉन गेली.

त्याला वाटलं, संपली आता बिअर. पण नवी बिअर नाही लावली तर बरणीतलं यीस्ट उपाशी मरेल या विचारानं त्याला राहवेचना. तिचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं ना! म्हणून त्याने बनवली. परत बनवली. बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत क्लब जमायचा, तिथं नेली. सगळे प्यायले.

"कशी आहे रे?"

"मस्त, म्हाताऱ्या!" त्याचा जुना दोस्त ओरिन टेश तर दुसरा ग्लास मागायचा.

सगळे नुसते मस्त मस्त म्हणायचे, एकही खोट काढायचे नाहीत, आणि त्याला तेच खुपायला लागलं. शेवटी त्याने आपली ब्राऊन एल, म्हणजे तपकिरी बिअर, स्पर्धेला लावली. तिथं बाटलीला लेबल चालत नाही, बुचावर काही छापलेलं असेल तर तेही काळ्या शाईने पुसायचं, फक्त नंबर. कोणाची बिअर आहे ते परीक्षकाला कळतच नाही, मग लाड तरी कोणाचे करणार? बक्षीस गेलं खड्ड्यात, यीस्ट ठीक आहे का एवढंच त्याला हवं होतं.

निकाल लागला. पन्नासपैकी तेरा.

तेरा म्हणजे काय हे स्पर्धेच्या हॉलमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. बिअर कितीही भयाण असो, परीक्षकाने तेराच्या खाली जायचं नाही, शेवटी कोणीतरी मेहनत केलेली असते. म्हणजे ते मार्क नव्हतेच. दया होती.

परीक्षक होती मॅरिबेल ह्रुस्का. तो आपला निकालाचा कागद घेऊन तिच्या टेबलापाशी गेला तर तिचा चेहराच उतरला. "अरे देवा, ती तुमची होती? सॉरी हो नॉर्बर्ट. जंगली यीस्ट शिरलंय त्यात. जखमेवरच्या पट्टीसारखा वास येतो. तुम्हाला नाही आला?"

त्याने वळून मागे उभ्या ओरिनकडे बघितलं. ओरिन आपल्या बुटांकडे बघत होता.

"तुला येत होता?"

"नॉर्ब, जाऊ दे ना..."

"येत होता का?"

"पहिल्या वेळेपासून," ओरिन म्हणाला. "सगळ्यांनाच. अरे, तू ग्लास देऊन आमच्या तोंडाकडे असा बघत उभा राहायचास, काय बोलणार?"

"आणि वर दुसरा मागायचास, गाढवा?"

"मी नसता मागितला तर कोणीच मागितला नसता."

नॉर्बर्टला हसू आलं. "मला वास येत नाही," तो एकदम बोलून गेला. "पडलो ना, तेव्हापासून. लवॉन घ्यायची."

ओरिनने चिडवलं नाही.

"म्हणजे बरणीतच घुसलं असेल," नॉर्बर्ट मॅरिबेलला म्हणाला. "त्यातलं चांगलं वेगळं नाही काढता येणार?"

"घरी नाही जमत हो ते. ओतून टाका. मी देते ना माझ्याकडचं ताजं."

"ताजं नको."

ओरिनसोबत गाडीत बसल्यावर नॉर्बर्टने किल्ली लावलीच नाही. "ओरिन, तू घरी चल. मला नाही ओतता येणार."

ओरिन आला. त्याने बरणी सिंकमध्ये उलटी केली, नळ सोडला. नॉर्बर्ट सिंककडे पाठ करून खिडकीशी उभा होता.

"गेलं?"

"बरंचसं. थोडं तळाला चिकटलंय. खरवडतो."

"नको," नॉर्बर्ट म्हणाला. "राहू दे तेवढं."

ओरिनने नळ बंद केला.