न हलवलेला फिंजान

कॉफी पुरे झाली की फिंजान बोटांत जरासा हलवून परत द्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. फिंजान म्हणजे इथला, कतारमधला, बिनकानाचा चिमुकला पेला. न हलवता परत दिला की यजमान तो पुन्हा भरतो. मी आपला पुणेरी संस्काराने, समोर आलेलं टाकू नये म्हणून पीत राहिलो. माझ्या या अडाणीपणावर सुभेदारांनी आपली निम्मी भरती केली. हे सुभेदार सुट्टीवर साताऱ्याला आपल्या घरी गेले होते. दीड महिन्यापूर्वी वहिनींचा फोन आला. "भावजी, सकाळचं पळणं करून आले, बूट काढायला पायरीवर बसले... ते उठलेच नाहीत." ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याला सांगितलं, तर त्याने मान हलवली आणि कालची फाईल मागितली. दोह्यात ही बातमी मराठीत सांगावी असं मला दुसरं कोणीच नव्हतं.

सुभेदार आपल्या फौजेतून निवृत्त झालेले धावण्याचे प्रशिक्षक. इथल्या एका लष्करी अकादमीने त्यांना आणलं होतं. कॉलेजांच्या स्पर्धांना जायचं, चांगला पळणारा हेरायचा आणि त्याला अकादमीत आणायचं, हे त्यांचं काम. पोरं लगेच तयार होत. अडायचं ते घरी. मग शुक्रवारी अल थुमामाच्या माझ्या फ्लॅटखाली हॉर्न वाजे. "यल्ला कुलकर्णी, सोबतीला चल." बायकामुलं पुण्यात असलेल्या माणसाला शुक्रवारी कुठेही नेलं तरी चालतं.

तसेच एकदा आम्ही मदिनत खलीफा वस्तीत अबू नासर या कतारी गृहस्थांच्या मजलिशीत, पाहुण्यांच्या बैठकीत, जाऊन बसलो. त्यांचा नासर चारशे मीटर पळायचा आणि अकादमीसाठी झुरत होता. पण आई नसलेला एकुलता मुलगा बराकीत पाठवायला बाप तयार नव्हता. हिंदुस्थानशी असलेल्या जुन्या व्यापारामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येई. सुभेदारांचं ऐकून घेऊन ते म्हणाले, "इन्शाल्ला." इथे राहणाऱ्याला कळतं, याचा अर्थ आता उठा. पण उठणार कसे? पाहुणा पीत होता. नासर डाव्या हातातल्या दल्ल्यातून, लांब चोचीच्या कॉफीच्या किटलीतून, ओतत होता, मी रिकामा पेला पुढे करत होतो, आणि यजमानाला बैठक मोडता येत नव्हती. मी हळूच म्हणालो, "सुभेदार, आता कॉफी जात नाही." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गप पी की." शेवटी नुसतं बसून अवघडलेल्या बापानेच मनातलं विचारलं, "बीमार पडेगा तो पास कौन बैठेगा?" "मैं बैठूंगा," सुभेदार म्हणाले. पुढे नासरला ताप आला तेव्हा ते खरंच रात्रभर बसले.

पेला हलवण्याची रीत मला बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून कळली. मी चिडून जाब विचारला. सुभेदार गाडी चालवता चालवता हसले. "कळलं म्हणून काय झालं? तू न कळल्यासारखाच बस. तुझ्या चेहऱ्याला ते शोभतं." मग किती मजलिशींतून मी तसा बसलो! चहा पिणारा माणूस मी, कॉफी मला आजही आवडत नाही.

आता शुक्रवारी हॉर्न वाजत नाही. दुसऱ्या कोणाचा वाजला तरी मी खिडकीशी जातो...

मागच्या शुक्रवारी नासरचा फोन आला, बाबांनी बोलावलंय. मी त्याच कोपऱ्यात बसलो. शेजारचा लोड रिकामा होता. नासर आता अकादमीत पक्का झालाय, केस बारीक, पाठ ताठ. त्याने ओतलं, मी प्यायलो. सुभेदारांबद्दल बोलण्यासारखं होतं ते थोड्या वेळात बोलून झालं. पेला हलवायचा तेवढा उरला होता. हलवला की उठावं लागणार, आणि उठलो की थुमामाचा फ्लॅट. मी पेला तसाच पुढे केला. नासरने भरला. पुन्हा केला, त्याने पुन्हा भरला. अबू नासर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "कुलकर्णी, लडका तो तुम ले गया. अब किसके लिये पीता है?"