शेवटच्या ओळीतली चंद्रा

माझ्या वहिनींच्या अभंगातून त्यांचं नाव काढून मी तिथे माझं घातलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला मी मोठा भाविक वाटेन, आणि तसं वाटू नये.

आमचं गाव रिह्याच्या खोऱ्यात. मी उरवड्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो आणि गावच्या भजनी मंडळात गातो. लोक बुवा म्हणतात. त्या बुवापणाचा मला फार अभिमान होता. चंद्रावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या शाळेत थोडंच शिकल्या, पण भात कांडताना, आवणात, म्हणजे भाताच्या लावणीत, वाकलेल्या असताना आपसूक रचत जातात. त्यांचा एक अभंग मला फार आवडायचा:

उखळात देवा, तूच मुसळात,
माझिया हातांत, तुझे बळ॥

आणि शेवट असा:

चंद्रा म्हणे आता, तूस उडे पार,
उरला साचार, दाणा तुझा॥

अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं, ही आपली जुनी रीत. ऐकणारा त्या नावापाशी क्षणभर थांबतो आणि मनात त्या माणसाला नमस्कार करतो. कार्तिकातल्या काकड्याला हे गाणं म्हणायची परवानगी मी वहिनींकडून घेतली होती. चाल माझी होती. लोकांना ती आवडली, तेव्हा पौडच्या बाजूला एका स्टुडिओत जाऊन मी गाणं रेकॉर्ड केलं. शेवटच्या कडव्याशी आलो आणि 'चंद्रा'च्या जागी माझं दोन अक्षरी नाव म्हणून मोकळा झालो. ते इतकं बेमालूम बसलं की लयसुद्धा अडखळली नाही. अडखळली असती तर कदाचित मला लाज वाटली असती. गाणं तसंच इंटरनेटवर टाकलं.

खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. पुतणीने मोबाईलवर गाणं लावलं. वहिनी हातातली पेंढी तशीच धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग ती पेंढी त्यांनी इतक्या जोरात आपटली की दाणे माझ्या तोंडावर उडाले.

"भावजी, ह्या घरात माझ्या नावाचं काय हाय? सातबाऱ्यावर मी न्हाई. दाराच्या पाटीवर न्हाई. डेअरीचं खातं ह्यांच्या नावाचं. येवढी एक ओळ व्हती माझी. ती बी तुमाला सोसली न्हाई व्हय?"

मी तेव्हा पाया पडलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण चारचौघांत बोलल्या म्हणून मीच भडकलो. म्हणालो, "वयनी, देवाच्या गाण्यात कसलं आलंय तुमचं-माझं? अहंकार सोडा जरा."

हे वाक्य आठवलं की आजही माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. नाव माझं घातलं, आणि अहंकार सोडायला त्यांना सांगितलं! भाऊ तिथेच होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझं तू निस्तर."

वहिनी देवळात यायच्या बंद झाल्या. रचणंही थांबलं. खळ्यावर आता नुसता झोडणीचा आवाज असायचा. मी मात्र चिडलेलाच राहिलो. मंडळातला पखवाजवाला मुद्दाम विचारायचा, "बुवा, चंद्रा कुटं गेली वो?" मी त्याच्याशी बोलणं सोडलं. कारखान्यात कुणी हसलं तरी मला वाटायचं, माझ्यावरच हसतोय. पूजेला बसलो की विठोबाच्या तसबिरीवरसुद्धा राग यायचा. इतकी वर्षं तुझं गातोय, आणि तू एका बाईचा राग शांत करू शकत नाहीस?

अशातच लवासाच्या रस्त्याला एका वाडीतून भजनाचं बोलावणं आलं. दुपारी निघालो. चढावर गाडीची चेन तुटली. मोबाईलला रेंज नव्हती. मी गाडीला लाथ मारली आणि मोठ्याने ओरडलो, "तुजंच भजन कराया निघालोय ना? मग?"

रस्त्याच्या खालच्या अंगाला खळं होतं. तिथून एका बाईने हाक दिली, "अवो पाव्हणं, गाडीला मारून ती चालती व्हय? या हितं, पानी प्या. आमचं मालक टेम्पो घिऊन येत्यातच."

तिने पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि पुन्हा कामाला लागली. सुपातून भात वाऱ्यावर सोडत होती. तूस लांब उडत होतं, दाणे पायाशी पडत होते. आणि ती गाऊ लागली. उखळात देवा, तूच मुसळात. चाल माझी नव्हती, बायकांची संथ, कामाची चाल होती. शेवटी ती स्वच्छ म्हणाली, 'चंद्रा म्हणे आता.'

 मला आधी आला तो रागच. जरा दरडावूनच विचारलं, "ह्ये कुनी शिकीवलं तुमाला?"

"कुनी म्हंजे? आवणाला चार गावच्या बाया येत्यात, त्या म्हनत्यात. आमी बी म्हनतो."

"आन् ही चंद्रा कोन?"

"आसंल एकादी संतीन. हून गेली आसंल मागं." तिने सूप झटकलं. "त्या मोबाईलवर कुनी एक बुवा म्हनतोय ह्येच, पर मेल्यानं त्यात सोताचं नाव घुसडलंय. संताचं नाव खाल्लं! गळा बरा हाय, पर जीभ झडंल त्याची."

ती मला ओळखत नव्हती. गाणं कसं पोचलं ते तिने सरळ सांगितलं, त्यात चमत्कार मी शोधत नाही. पण चेन त्याच खळ्यापाशी तुटली आणि मी शिव्या घातल्यावर देवाने मला त्या बाईकरवी उत्तर दिलं, असंच मी मानतो. जे नाव मी पुसलं असं समजत होतो, ते माझ्या पाठीमागे गावोगाव चाललं होतं. देवाने ते सांभाळलं होतं. मी सांभाळत होतो ते फक्त माझं. इतक्या दिवसांचा राग वहिनींवर नव्हता, देवावरही नव्हता. पकडला गेलेला माणूस जसा आधी ओरडतो, तसा तो होता. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. तिच्या पाण्याचे आणि त्याहून तिच्या शिव्यांचे.

तिच्या नवऱ्याने गाडी टेम्पोत घालून मला खाली आणलं. वाडीला निरोप धाडला की येत नाही. इंटरनेटवरचं गाणं काढून टाकलं आणि तसाच घरी गेलो. खळ्यावर सगळे होते, पखवाजवालासुद्धा. मी वहिनींना त्या बाईची हकीकत सांगू लागलो. संतीण म्हणाली, हेही सांगितलं. वहिनींचा हात थांबला नाही.

"भावजी, गोष्ट सांगाया आलाय का माफी मागाया?"

देवापुढे हात जोडणं सोपं असतं, तो तोंडावर बोलत नाही. मी पायातल्या चपला काढल्या आणि वहिनींच्या समोर भातात गुडघे टेकले.

"वयनी, गाणं तुमचं हाय. तुमचं नाव काढून मी माजं घातलं, आन् वर तुमालाच अहंकार सोडा म्हनलो. माजं चुकलं. मला माफ करा."