चारची प्रॅक्टिस

आई सेलूच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण स्मृतिभ्रंश सुरू झाला आणि ती नोकरी तिच्या डोक्यात पुन्हा चालू झाली. चार वाजत आले की चपला घालून, पिशवी खांद्याला लावून ती दार हलवायची.

"मुली वाट बघायल्यात. कुलूप काढा."

"आई, तू रिटायर झालीस ना!"

"तुमी कोण सांगणाऱ्या?"

मग आदळआपट, रडारड. एकदा तर माझ्या हाताला कडकडून चावली. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "वाद घालू नका. त्या जिथं आहेत, तिथं तुम्ही जा."

एका दुपारी मी खरंच कुलूप काढलं. "चला बाई, उशीर होईल."

ती काय झपाझप निघाली! रिक्षा, म्हशी, कापसाच्या गाड्या, सगळ्यातून वाट काढत. मी आपली तिचा पदर धरून मागं. शाळेच्या मैदानावर मुली खो-खो खेळत होत्या. आई कडेला थबकली. मी तिचा पदर घट्ट धरला. आता ही घाबरेल, परत फिरेल...

"ए! खो मिळायच्या आधीच उठली! फाऊल हाय!"

मुली जागच्या जागी थांबल्या. मुलींची शिक्षिका वळली. मी धावत जाऊन तिला दोन शब्दांत सांगितलं. तिनं लगेच गळ्यातली शिट्टी काढून आईच्या हातात दिली. आईनं अशी सणसणीत वाजवली की झाडावरचे बगळे उडाले!

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. एक मुलगी पाय मुरगळून बाहेर बसली, तर आईनं माझ्याकडं बोट केलं. "तू बस पाटीवर, तिच्या जागी." मी? पन्नाशीची, गुडघेदुखीची? बसले. पाठीवर थाप पडली, "खो!" आणि साडी खोचून मी पळाले. मुली किंचाळत होत्या, आई टाळ्या पिटत होती. "पळ, पळ! लय भारी!" कुणी हाती लागलं नाही, पण मी हसून हसून खाली बसले.

त्या संध्याकाळी आई न भांडता जेवली.

सकाळी तिला काहीच आठवत नव्हतं. मला मात्र वाट सापडली होती. आता शाळा असेल त्या दिवशी आम्ही चारला जातो. सुट्टीच्या दिवशी मी अंगणातच शेजारच्या मुली गोळा करते. कधी तिला मैदानसुद्धा ओळखू येत नाही. मग नुसती माझा हात धरून फेरी मारते. मी तिची मुलगी आहे, हे तिला बहुतेक आता कळत नाही. परवा माझ्याकडं बोट दाखवून शिक्षिकेला म्हणाली, "ही पोरगी पळती बरी. टीममध्ये घ्या."

घरी येऊन मी भावाला फोन लावला. "अरे, माझं सिलेक्शन झालं!"